बारा तुकड्या आत, बाहेर शून्य

माझे राज्य माझ्या होणाऱ्या विहीणबाईंनी माझ्याच घरात, माझ्याच सहीने, दुपारच्या चहाच्या आत घेतले.

लढाई झाली नाही. रक्त सांडले नाही. शेवयांची खीर तेवढी सांडली, आणि ती मीच सांडली.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पराभवाची उंची कळेल. चाकणला माझी लाकडी पॅलेटची शेड आहे. (कंपनीचा माल ज्या लाकडी चौकटीवर रचून फोर्कलिफ्टने उचलतात, ती पॅलेट.) लातूरकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये खिळे ठोकत होतो, आता स्वतःच्या शेडमध्ये खिळे ठोकणाऱ्यांवर ओरडतो. या दोन्हींच्या मधला सगळा प्रवास मी घासाघीस करत केला आहे. माझ्यासमोर कुणी आकडा उच्चारला, की तो खाली आणल्याशिवाय मला चैन पडत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, "दोन दाढा काढाव्या लागतील." मी म्हणालो, "एकीत भागवा." त्यांनी भागवले! (दुसरी अजून ठणकते, पण तो वेगळा विषय.)

माझा दुसरा गुण म्हणजे राग. तो आला की आधी माझा डावा कान लाल होतो, मग हात टेबलावर आपटतो आणि मग तोंडातून जे बाहेर पडते ते ऐकून मलाही आश्चर्य वाटते.

आणि तिसरी आहे ती माझी तक्रार. धंदा नवा होता तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या कंपनीची पहिली ऑर्डर मिळाली, चाळीस पॅलेटची, भाड्याने वापरून परत करायच्या बोलीवर. मी आनंदाच्या भरात बेचाळीस नेल्या. दोन माझ्याकडून, प्रेमाने! (आयुष्यात मी स्वतःहून जास्त दिल्याचा हा एकमेव प्रसंग.) गेटच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मालाचे चलन पाहिले, टेम्पोतल्या पॅलेट मोजल्या.

"दोन जास्त आहेत."

"फुकट आहेत!"

"फुकट आहेत असं लिहिलेला कागद कुठाय?"

मी भांडलो. मी ओरडलो. मी मॅनेजरचे नाव घेतले. बाई पुढच्या गाडीकडे वळल्या. भर उन्हात अख्खी दुपार माझा टेम्पो गेटबाहेर! शेवटी त्या दोन पॅलेट रस्त्याच्या कडेला उतरवल्या तेव्हा फाटक उघडले. खिडकीला जाळी होती, त्यामुळे बाईंचा चेहरा धड दिसला नाही. हात तेवढा दिसला. त्या हाताने रजिस्टरात नोंद केली आणि खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर एक लांब नागमोडी रेघ मारली, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. ती रेघ माझ्या काळजावर उमटली आहे. घरात चार पाहुणे जमले की मी ही गोष्ट सांगतो. मी सांगायला लागलो, की माझी बायको शकू उठून स्वयंपाकघरात जाते.

आता मूळ गोष्ट.

प्राजक्ता आमची एकुलती एक. हिंजवडीला आयटीत आहे, मोशीहून रोजची ये-जा जमत नाही म्हणून मारुंजीत मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते आणि सुट्टीला घरी येते. तिचे पहिले स्थळ मी मोडले. मोडायचे नव्हते, पण त्यांनी वऱ्हाड दोनशे सांगितले, मी एकशे साठ म्हणालो, ते एकशे ऐंशीवर आले आणि मी म्हणालो, "एकशे साठच, आणि त्यात लहान मुलं धरून!" मंडळी पोहे अर्धे टाकून उठली.

त्यानंतर वर्षभराने प्राजक्ताने स्वतःच ओंकार पसंत केला. त्याची आई बैठकीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तिने मला समोर बसवले.

"आप्पा, वडील नाहीत त्याला. आईनं एकटीनं वाढवलंय. उद्या तुम्ही एकदा जरी भडकलात ना, तर मी मारुंजीला जाईन आणि परत या घरात पाय ठेवणार नाही. आम्ही रजिस्टर लग्न करू आणि तुम्हाला फोटो पाठवू."

"किती फोटो?" मी सवयीने विचारले.

"आप्पा!"

ती बोलते ते करते. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. त्या रात्री मी शकूला शब्द दिला, की उद्या काहीही झाले तरी माझा डावा कान गोरा राहील.

रविवारी सकाळी अकराला पाहुणे आले. ओंकार उंच, मवाळ, चष्मेवाला. त्याची आई रजनीताई. संत तुकाराम नगरात राहतात. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि आवाज असा, की ऐकायला आपल्याला पुढे वाकावे लागते.

"नोकरी केलीत म्हणे?" मी विचारले.

"हो, कंपनीत होते. आता रिटायर झाले."

"कुठल्या खात्यात?"

"आप्पा, पोहे घ्या ना!" प्राजक्ता मध्येच ओरडली. तिचा आवाज जरा जास्तच वरचा होता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माझे सगळे लक्ष माझ्या डायरीकडे होते. आठवडाभर खपून मी तयारी केली होती. ते हे मागतील, मी तेवढ्यावर आणीन. ते ते मागतील, मी हे पुढे करीन. बाह्या सरसावून मी म्हणालो,

"बोला ताई. तुमच्या काय अपेक्षा?"

"आम्हाला काहीच नको."

"तरी पण..."

"काहीच नको, भाऊ. मुलगी आवडली आम्हाला."

"हॉल?"

"तुम्ही ठरवाल तो."

"माणसं?"

"तुम्ही म्हणाल तेवढी."

ज्यांनी कधी घासाघीस केली नाही, त्यांना माझे दुःख कळणार नाही. 'काहीच नको' यातून माणूस काय कमी करणार? दार फोडायला खांदा लावून धावत जावे आणि दार उघडेच असावे, तसा मी आतल्या आत तोंडावर पडलो. डायरीची आठ पाने वाया! मला कानात ऊब जाणवू लागली.

"अहो, पाणी प्या," शकू म्हणाली. तिला कान दिसला होता.

प्राजक्ताने ओंकारला डोळ्याने खूण केली. त्याने पिशवीतून एक मोठे खोके काढले. ही दोघे मारुंजीत सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींत बसून जो खेळ खेळतात (आणि जो खेळताना त्यांचे जमले), तो होता. पुठ्ठ्याचा एवढा मोठा नकाशा, त्यावर राज्ये, डोंगर, खिंडी आणि प्लॅस्टिकचे सैन्य.

"आप्पा," प्राजक्ता गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला घासाघीसच करायचीय ना? यात करा. हा खेळच तहांचा आणि करारांचा आहे."

शकूने खेळायला साफ नकार दिला. "मी हितंच बसते, तुमची मजा बघते." प्राजक्ता नियमांचे पुस्तक घेऊन पंच झाली. उरलो तिघे. नकाशावर पश्चिमेला माझे लाल राज्य, पूर्वेला ओंकारचे निळे आणि बरोबर मध्ये, इकडच्या डोंगरापासून तिकडच्या नदीपर्यंत, रजनीताईंचे हिरवे.

तासाभरात माझ्या मनात योजना पक्की झाली. जावयाची राजधानी जिंकायची! लग्नाआधीच एकदा सासरा कोण ते कळलेले बरे. अडचण एकच होती: माझे सैन्य ओंकारपर्यंत पोचायचे, तर विहीणबाईंच्या राज्यातून जावे लागणार होते.

"मग वाटेचा करार करा," प्राजक्ताने पुस्तक उघडले. "ऐका. एक, तोंडी करार धरला जाणार नाही. दोन, किती तुकड्या, कुठून आत, कुठून बाहेर, किती फेऱ्या, हे कागदावर असेल तेवढंच खरं. तीन, करार चालू असेपर्यंत दोघांनी एकमेकांवर हल्ला करायचा नाही. चार, मुदत संपल्यावर ज्या तुकड्या आत राहतील, त्या ज्याचं राज्य त्याच्या."

"तोंडी चालत नाही?" मी हसलो. "अगं, अर्ध्या चाकणात माझा धंदा तोंडी चालतो!"

"हो, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमची भांडणं चालू असतात," शकू म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली. सकाळपासून ज्या क्षणाची वाट पाहत होतो, तो आला होता. मला सहा तुकड्या न्यायच्या होत्या. म्हणून मी सुरुवात केली,

"दहा तुकड्या."

रजनीताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं."

"बरं म्हणजे?"

"न्या की दहा."

मी हादरलो. पहिला आकडा मान्य होणे, हा घासाघीस करणाऱ्याचा अपमान असतो. याचा अर्थ मी कमी मागितले!

"बारा!" मी म्हणालो.

"बारा न्या."

माझ्याकडे होत्याच चौदा. राजधानीत दोन ठेवल्या की झाले. मी पुढे सरकलो.

"आता जकात. तुमच्या राज्यातून जायचं म्हणजे काही द्यावं लागत असेल..."

"तीन पोती धान्य द्या," त्या म्हणाल्या.

आले! आकडा आला! माझ्या अंगात वारे शिरले. "एक!"

"चालेल, एक द्या."

"एकही नाही देणार!"

"राहू द्या मग."

ओंकार खाली मान घालून गालातल्या गालात हसत होता. मला वाटले, बिचारा आईच्या भोळेपणाला हसतोय. (बिचारा कोण, ते पुढे कळेल.) मग मी मुदत मागितली. मला तीन फेऱ्या लागणार होत्या. तीन मागितल्या, तीन मिळाल्या. आत शिरायला मी पश्चिमेची रुंद खिंड मागितली, त्यांनी दिली. रजनीताईंनी स्वतःच्या सुंदर, गोल अक्षरात सगळे लिहून काढले: 'तुकड्या बारा. प्रवेश पश्चिम खिंडीतून. मुदत तीन फेऱ्या. जकात माफ.'

"आणखी काही लिहायचंय, भाऊ?" त्यांनी पेन थांबवून विचारले.

"नाही."

"बघा हं. नीट विचार करा. जागा आहे अजून."

आता माझा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव बोलू लागला. समोरचा माणूस 'आणखी काही?' म्हणतो तेव्हा त्याला स्वतःलाच काहीतरी घुसडायचे असते! जकात परत मागतील, तुकड्या कमी करतील. यांना आता एक अक्षर लिहू द्यायचे नाही.

"काही नाही, ताई! झालं आपलं! मारा खाली रेघ!"

"मारू?"

"मारा म्हणतो ना!"

त्यांनी उरलेल्या कोऱ्या जागेवर एक लांब नागमोडी रेघ मारली.

मी सही केली. पेन खाली ठेवले. आणि मग ती रेघ मला नीट दिसली. वरून सुरू होऊन सापासारखी खाली गेलेली, शेवटी एक छोटा झटका.

"ताई," मी हळू आवाजात विचारले, "तुम्ही कंपनीत होतात म्हणजे... गेटवर?"

प्राजक्ताने डोळे मिटले.

"हो. दोन नंबरच्या गेटवर. मालाची आवक-जावक."

"जाळीची खिडकी?"

रजनीताईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बेचाळीस पॅलेट?"

"अगं बया!" शकू म्हणाली. "ही ती बाई?"

"तुम्ही खूप ओरडला होतात," रजनीताई शांतपणे म्हणाल्या. "मग कंटाळून गेटसमोरच्या गाड्यावर भजी खात बसलात."

म्हणजे प्राजक्ताला सगळे माहीत होते! म्हणून ते पोहे, म्हणून तो वरचा आवाज! माझे दोन्ही कान तापले. पण मी शब्द दिला होता. आणि खरे सांगायचे, तर रागापेक्षा मला आनंद जास्त झाला. जिने माझ्या दोन पॅलेट आत सोडल्या नाहीत, तिने आज माझ्या बारा तुकड्या सोडल्या होत्या. आणि जकात माफ! नियतीने शेवटी माझे ऐकले होते.

"चला!" मी गरजलो. "पहिली फेरी!"

बाराच्या बारा तुकड्या मी पश्चिम खिंडीतून हिरव्या राज्यात घातल्या. दुसऱ्या फेरीत नदीकाठाने नेऊन पूर्वेच्या सीमेवर उभ्या केल्या. समोर जावयाची राजधानी, तिच्यात अवघ्या तीन निळ्या तुकड्या. मी मिशीवर हात फिरवला.

"तिसरी फेरी. सैन्य पुढे! जावईबापू, सांभाळा!"

"आप्पा, थांबा," पंच म्हणाली. "बाहेर कुठून?"

"काय बाहेर कुठून? इथून, पूर्वेकडून."

"करारात कुठंय?"

मी कागद उचलला. वाचला. परत वाचला. मागच्या बाजूला पाहिले. 'प्रवेश पश्चिम खिंडीतून.' आणि त्याखाली, जिथे 'बाहेर' असायला हवे होते, तिथे नागमोडी रेघ.

"हे काय... आत गेलेला माणूस बाहेर येणारच ना! त्यात लिहायचं काय?"

"कागदावर असेल तेवढंच खरं," प्राजक्ताने पुस्तकावर बोट ठेवले.

"मग मी आल्या वाटेनं परत जातो."

"परत जाणं म्हणजे बाहेर पडणंच झालं."

"मग मी इथंच लढतो!"

"करार चालू आहे. हल्ला करता येत नाही."

"आणि करार संपल्यावर?"

"ही फेरी झाली की संपतो. मग त्या तुकड्या आईंच्या."

मी रजनीताईंकडे वळलो. घाम पुसला. चेहऱ्यावर हसू आणले.

"ताई, आपण एक नवीन करार करू. फक्त बाहेर पडण्याचा. बोला, काय घ्याल? पाच पोती? आठ? माझा तो डोंगर घ्या!"

रजनीताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"आम्हाला काहीच नको."

त्यानंतर काय झाले, ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. माझा हात टेबलावर आपटला. लाल, हिरवे, निळे सैन्य हवेत उडाले. एक घोडेस्वार चहात पडला, वाडगा कलंडून खीर नकाशाभर पसरली आणि ओंकारची राजधानी शेवयांखाली गेली. (म्हणजे ती मी घेतलीच म्हणायची, पण सरळ मार्गाने नाही.) आणि माझ्या तोंडातून बाहेर पडले,

"ही सोयरीक होणार नाही!"

 

प्राजक्ताने नियमांचे पुस्तक मिटले. खुंटीवरचे हेल्मेट काढले. तिचा चेहरा पाहून माझा राग जागच्या जागी मेला. पण मेलेल्या रागालाही ऐट असते. तिच्या आधी मीच दार उघडून ताडताड जिने उतरून खाली गेलो.

पार्किंगमध्ये पोचल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, माझ्या पायात शकूच्या फुलाफुलांच्या चपला होत्या. दोन, मी माझ्याच घरातून रागाने निघून आलो होतो आणि आता जायला जागा नव्हती. पाहुणे वर, यजमान खाली. ओंकारच्या स्कूटरवर बसून राहिलो.

बसल्या बसल्या सगळा खेळ परत मनात खेळलो. कुठेतरी त्यांची लबाडी सापडेल, म्हणून प्रत्येक चाल तपासली. सापडली नाही. बाराचा आकडा माझा. जकात नको, हे माझे. तीन फेऱ्या माझ्या. 'मारा रेघ' हे तर मी ओरडून सांगितले होते. त्यांनी दोनदा विचारले होते, 'आणखी काही लिहायचंय?' बाई आवाज न चढवता, एक शब्द खोटा न बोलता, माझे अख्खे सैन्य माझ्याच हावेवर बसवून घरी घेऊन गेल्या होत्या. चाकणात मी एकेक कसलेले खरेदी अधिकारी पाहिले. पण असा खेळ पाहिला नव्हता. रागात असूनही मला टाळी वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले. रजनीताई. हातात माझ्या चपला.

"बदला," त्यांनी चपला खाली ठेवल्या. "वहिनींना लागतायत त्यांच्या."

मी मुकाट्याने बदलल्या.

"आत शिरण्याची सगळ्यांनाच घाई असते, भाऊ," त्या शेजारच्या ओट्यावर बसत म्हणाल्या. "गेटवर इतकी वर्षं बघितलं. माल आत घालायला माणूस भांडतो, रडतो, हातापाया पडतो. तो बाहेर कसा काढणार, याचा कागद मात्र कुणाकडेच नसतो."

"म्हणून माझ्या दोन पॅलेट अडवल्या?" माझी जुनी जखम बोलली.

"मग काय करणार? पॅलेट रिकाम्या होऊन तुमच्याकडे परत यायच्या होत्या ना? आत चाळीसची नोंद आणि बाहेर निघाल्या बेचाळीस, तर त्या दोन कुणाच्या ठरल्या असत्या?"

मी बोटांवर हिशेब करू लागलो.

"कंपनीच्या. आणि तुम्ही चोर. तुमच्या आधी एकाचं तसं झालं होतं. बिचाऱ्याला पुन्हा कधी गेटातून आत घेतलं नाही. तुमच्या अंगावर कपडे साधे होते, टेम्पो भाड्याचा होता. म्हटलं, हा माणूस नवीन दिसतोय. ओरडू दे."

इतकी वर्षे जीवापाड जपलेली तक्रार अशी पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसल्या बसल्या, हातातून निघून गेली. तुम्हाला खोटे वाटेल, पण मला चुकल्या-चुकल्यासारखे झाले. आता पाहुण्यांना काय सांगायचे?

"ताई," मी घसा साफ केला, "वर मी ते जे बोललो..."

"सोयरीक होणार नाही म्हणालात."

"हो. पण ते..." आणि त्या अडचणीच्या क्षणी माझे घासाघीस करणारे डोके पहिल्यांदा धावून आले. "ते तोंडी होतं ना! तोंडी धरत नाहीत!"

रजनीताई खळखळून हसल्या. एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे होता, हे मला तोवर माहीत नव्हते.

लिफ्टच्या दारात प्राजक्ता भेटली. डोक्यात हेल्मेट, डोळे लाल, मागे तिची समजूत घालत ओंकार.

"प्राजू, चुकलो बाई. सॉरी."

तिने माझ्याकडे पाहिले, मग सासूकडे पाहिले.

"लेखी द्या."

दिले! लिफ्टच्या भिंतीला कागद टेकवून, ओंकारच्या पेनाने. खाली सही केली. रजनीताईंनी चष्मा लावून वाचले आणि उरलेल्या जागेत रेघ मारली.

वर गेल्यावर खीर पुसून, त्याच टेबलावर लग्नाची यादी लिहायला घेतली. दोन्हीकडच्यांनी काय करायचे ते ओळीने लिहून खाली सह्या करतात, ती यादी. रजनीताई म्हणाल्या, "आता मात्र आमची एक मागणी आहे."

मी सरसावून बसलो. मागणी! देवा, आली एकदाची!

"लग्नाच्या दिवशी तुम्ही कुणाशीही घासाघीस करायची नाही."

"अहो, हे जास्त होतंय!" मी म्हणालो. "निदान मुहूर्तापर्यंतच ठेवा. अक्षता पडल्यावर मी मोकळा."

"चालेल."

एवढ्या लवकर 'चालेल' ऐकून मला घाम फुटला. पण यादीत काय राहिले, ते काही सापडेना. ते लग्नाच्या दिवशी सापडले. मंडपवाला, केटरर, बँडवाला, फुलवाला, सगळ्यांशी पैशांची बोलणी सकाळपासून मुहूर्ताच्या आतच होतात! मी कोपऱ्यात सुपारी चघळत उभा. आणि त्या सुती साडीतल्या बाई एकेकाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत होत्या. जो जाईल तो मान हलवत परत येत होता. केटरर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "राव, तुमच्या विहीणबाई म्हणजे काय आहेत हो! मी स्वतःहून जिलेबी वाढवून दिली आणि का दिली, तेच कळेना!" अभिमानाने माझी छाती फुगली. जणू त्यांना मीच शिकवले होते!

अक्षता पडल्या. मी मोकळा झालो. पण घासाघीस करायला आता कुणी उरलेच नव्हते. उरली होती फक्त पाठवणी.

प्राजक्ता गाडीत बसली. शकूने माझा हात घट्ट धरला. मी कसाबसा रजनीताईंपाशी गेलो.

"ताई, पहिल्या दिवाळीला पाठवाल ना तिला?"

"पाठवणार की. किती दिवस म्हणता?"

"पाच दिवस."

"पाचच? दहा दिवस राहू द्या, भाऊ."

तिथे मात्र माझा बांध फुटला. भर मांडवात मी हमसून हमसून रडलो. माणसे गोळा झाली. कुणी पाणी आणले. "बापाचं काळीज हो," एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, आणि शकू पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडा, मोकळे व्हा."

आता एवढ्या माणसांत तिला कसे सांगणार, की मी पंधरा मागायला हवे होते!